नागपूरच्या उन्हाळ्यात घरचं जिन-टॉनिक: काही महिन्यांच्या वापरानंतर

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. घरी चांगलं जिन-टॉनिक करायचं असेल आणि तुम्ही नागपुरात राहत असाल, तर पहिला खर्च जिनवर करू नका, थंडाव्यावर करा. फेब्रुवारीपासून आता पावसाळा सरत येईपर्यंत मी हे सामान वापरतोय: फ्रीजरमध्ये मावणारा छोटा आईसबॉक्स, स्टीलचं पेग मेजर, जाड तळाचे उंच ग्लास, वेगवेगळी टॉनिक (क्विनाइनमुळे कडसर लागणारं, गॅस भरलेलं गोड पाणी) आणि तीन देशी जिन. यातल्या आईसबॉक्सने जेवढा फरक पाडला, तेवढा कुठल्याच बाटलीने पाडला नाही.

मुंबई-पुण्याच्या लोकांनी लिहिलेल्या कृती इथे जशाच्या तशा चालत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, रात्री नऊलाही स्वयंपाकघराच्या भिंती गरम लागतात. टॉनिकचा जीव त्याच्या गॅसमध्ये असतो आणि गॅस थंडीतच टिकतो. शून्य अंशाला एक लिटर पाण्यात साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २० अंशाला सुमारे ०.९ लिटर आणि ४० अंशाला जेमतेम अर्धा लिटर. म्हणजे दुकानातून आणलेलं कोमट टॉनिक उघडून बर्फावर ओतलं, तर ग्लास हातात येईस्तोवर निम्मा जोर निघून गेलेला असतो. राहतं ते कडसर साखरपाणी.

दुसरा हिशेब पाण्याचा. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. १५० मिली टॉनिक ३५ अंशावर असेल, तर ते शून्याजवळ आणायला साधारण ६५ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. तेच टॉनिक फ्रीजमधून ५ अंशावर काढलं, तर दहा ग्रॅमसुद्धा लागत नाही. ६५ ग्रॅम बर्फ म्हणजे ६५ मिली पाणी, आख्ख्या एका मोठ्या पेगएवढं. पहिल्या घोटाच्या आधीच एवढं पाणी मिसळलं, तर जिन कितीही भारी असो, चव येणार कुठून? म्हणून माझ्याकडे टॉनिक आदल्या रात्रीपासून फ्रीजच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात असतं, ग्लास अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये जातात आणि उन्हाळ्यात जिनची बाटलीही फ्रीजरमध्येच राहते. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तेवढ्या अल्कोहोलला घरगुती फ्रीजरचे उणे १८ अंश गोठवू शकत नाहीत, जिन फक्त थोडी दाटसर होते. अतिथंड जिनचा वास दबतो हे खरं, पण मे महिन्यात ग्लास पाच मिनिटांत इतका तापतो की वास आपोआप उघडतो. हिवाळ्यात बाटली साध्या फ्रीजमध्ये पुरेल.

आता आईसबॉक्स. फ्रीजच्या ट्रेमधला बर्फ मधोमध पांढरा, ठिसूळ असतो, कारण पाणी चारही बाजूंनी गोठतं आणि विरघळलेली हवा, क्षार मधे कोंडले जातात. याउलट चारही भिंती आणि तळ थंडीपासून झाकलेला डबा झाकण काढून फ्रीजरमध्ये ठेवला, की पाणी फक्त वरून खाली गोठत जातं. हवा आणि क्षार खाली ढकलले जातात, वरचा थर काचेसारखा स्वच्छ होतो. औषधं किंवा आईस्क्रीम ज्यात येतं तो थर्माकोलचा जाड डबाही चालतो, पण तो हळूहळू झिरपतो आणि बर्फ काढताना कडा तुटतात. कडक प्लास्टिकचा, आत फोम भरलेला डबा मला महिनोन्‌महिने वापरूनही तसाच मिळतोय. घेण्याआधी फ्रीजरची उंची मोजा. झाकण लागणारच नाही, त्यामुळे दुकानात झाकण काढूनच डब्याची उंची पाहा.

पाणी आरओचं भरतो. उकळून घ्यावं असं बरेच जण सांगतात, मला त्यातून फारसा फायदा दिसला नाही. दिशा बरोबर असली की साध्या पाण्याचाही बर्फ स्वच्छ येतो. माझ्या फ्रीजरमध्ये रात्री भरलेला डबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढला की वरचा बराच भाग गोठलेला असतो आणि तळाशी थोडं पाणी उरलेलं असतं. ते उरायलाच हवं, सगळी घाण त्यातच असते. डबा सिंकमध्ये उपडा करायचा आणि लादी स्वतःहून सुटेपर्यंत थांबायचं. एप्रिल-मे मध्ये पाचसात मिनिटं पुरतात, ऑगस्टमध्ये जरा जास्त लागतात. लादीचा पृष्ठभाग ओला, चकचकीत झाल्याशिवाय सुरी लावू नये, नाहीतर आडवेतिडवे तडे जातात. ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने एक रेघ खोल ओढायची आणि सुरीच्या पाठीवर लाटण्याने हलका ठोका द्यायचा. लादी सरळ रेषेत दुभंगते. तुकडे ग्लासच्या रुंदीएवढे, लांबट ठेवतो.

हे सगळं दिसण्यासाठी करावं असं मी म्हणणार नाही. मोठ्या, अखंड तुकड्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे तो सावकाश वितळतो. खडबडीत, भेगाळलेल्या बर्फावर गॅसचे बुडबुडे भराभर तयार होऊन उडून जातात, गुळगुळीत बर्फावर ते कमी बनतात. म्हणून ग्लासात टाकण्याआधी तुकड्यावर गार पाण्याचा हबका मारतो, कडा मऊ होतात आणि टॉनिक ओतताना फेस उसळत नाही. माझा मोठा भाऊ आयुष्यभर व्हिस्की-सोडावाला. मे मधल्या एका रात्री गच्चीवर त्याने पूर्ण ग्लास निवांत संपवला आणि एवढंच म्हणाला, ‘शेवटपर्यंत पाणचट नाही झालं बे.’ हे मला कुठल्याही कौतुकापेक्षा जास्त वाटलं.

तुकडे झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा. उघडा बर्फ फ्रीजरमधल्या मटार-मासळीचा वास धरतो आणि जिनमध्ये तो लगेच कळतो. उन्हाळ्यात लाइट जायची, तेव्हा याच पिशव्या एकमेकींना चिकटून टिकून राहिल्या.

पावसाळ्याने एक वेगळीच गोष्ट दाखवली. जुलैत तापमान तीसच्या आसपास उतरलं, तरी बर्फ वाटला तितका टिकेना. कारण हवेतली वाफ. काचेवर एक ग्रॅम वाफ पाणी होऊन जमली, की ती जवळजवळ सात ग्रॅम बर्फ वितळवेल एवढी उष्णता ग्लासला देते. कूलर लावलेल्या खोलीतही हेच होतं, खस ओला, हवा दमट, ग्लास बाहेरून घामाने निथळतो. तेव्हापासून दमट दिवसांत ग्लासवर सुती रुमाल गुंडाळतो आणि कूलरच्या थेट झोतात बसत नाही. स्टीलच्या पेल्यात कधीच घेऊ नका, तो उष्णता फार लवकर आत नेतो.

टॉनिकबद्दल माझं मत ठाम आहे: मोठी प्लास्टिकची बाटली घेऊच नका. प्लास्टिकमधून गॅस हळूहळू निसटत असतो, उन्हात दुकानाबाहेर ठेवलेल्या क्रेटमध्ये तर जास्तच, आणि एकदा उघडली की दुसऱ्या ग्लासला ती अर्धमेली असते. ३०० मिलीचा कॅन किंवा २०० मिलीची काचेची छोटी बाटली, एका बैठकीला एक, हा हिशेब महाग वाटतो पण वाया काही जात नाही. श्वेप्सचा कॅन कडू आणि गोड दोन्ही ठळकपणे देतो, लिंबासोबत छान लागतो. स्वामीचं टॉनिक मला जरा हलकं वाटतं, जिनचा वास पुढे येऊ देतं. साखरेचं लेबल मात्र वाचा. टॉनिक म्हणजे सोडा नव्हे, साध्या टॉनिकमध्ये साखर चांगलीच असते. मधुमेह असलेल्यांनी कमी साखरेचा प्रकार घ्यावा.

कडवटपणा क्विनाइनचा. सिंकोनाच्या सालीतून ते १८२० मध्ये फ्रान्सच्या पेलेतिए आणि काव्हांतू यांनी वेगळं काढलं. लंडनच्या इरॅस्मस बाँडने १८५८ मध्ये टॉनिक वॉटरचं पेटंट घेतलं. हिवतापाच्या देशात राहणाऱ्या इंग्रजांना त्याचा आधार वाटला, त्यातूनच जिनची जोडी जमली. पण आजचं टॉनिक मलेरियावर औषध म्हणून कोणी समजू नये. अमेरिकेत क्विनाइनची मर्यादा लिटरमागे साधारण ८३ मिलिग्रॅम आहे. मलेरियाच्या एका दिवसाच्या डोसएवढं क्विनाइन पोटात जायला वीस लिटरच्या वर टॉनिक प्यावं लागेल. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल, गरोदरपण असेल किंवा नियमित औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टॉनिकला हात लावू नये. आणि सिंकोनाची साल आणून घरीच टॉनिकचा पाक करायच्या भानगडीत पडू नका. घरात क्विनाइन मोजता येत नाही, जास्त झालं तर कान वाजतात, डोकं गरगरतं, ते गंमत करायचं द्रव्य नाही.

जिनबद्दल थोडक्यात. गोव्यात बनणारी ग्रेटर दॅन रोजच्यासाठी उत्तम, ज्युनिपर (जिनला तिचा मूळ वास देणारं फळ) स्पष्ट लागतो आणि टॉनिकमध्ये विरत नाही. स्ट्रेंजर अँड सन्समध्ये लिंबूवर्गीय सालींचा वास छान आहे, तिला वरून फारसं काही घालावं लागत नाही. हपूसामध्ये हिमालयातला ज्युनिपर आहे, शिवाय हळद-आंबाही. ती मातकट आणि भारदस्त आहे, तिच्यात टॉनिक कमीच घाला. सुरुवात करणाऱ्याने एकच, साधी, ज्युनिपरची बाटली घ्यावी आणि उरलेल्या पैशात आईसबॉक्स आणावा.

सालीच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहेत. आपल्या संत्र्याची साल सैल, पातळ आणि तेलाने भरलेली असते. आंबिया बहाराचा माल हिवाळ्याच्या तोंडाला येतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चला. तेव्हा काटोल-नरखेडकडचं ताजं फळ घ्या, धुऊन पुसून दोन बोटांएवढा तुकडा काढा आणि नारिंगी बाजू ग्लासकडे करून घडी घाला. तेलाचा बारीक फवारा उडतो, वास थेट नाकात जातो. आतला पांढरा भाग कमीत कमी घ्या, तो वेगळाच कडूपणा देतो. रस अजिबात पिळू नका, संत्र्याच्या रसाने टॉनिक मवाळ होऊन जातं. एप्रिलनंतर संत्रा संपला की मी लिंबाच्या सालीवर येतो. लिंबाची फोड पिळायची सवय आपल्याला सोडयामुळे लागलेली असते, पण कागदी लिंबाचा आंबटपणा इतका तिखट की क्विनाइन त्याखाली बुडतं. मोसंबीची सालही चांगली, फक्त तिचा वास जरा साखरेकडे झुकतो. कधी अंगणातलं गोडलिंबाचं (कढीपत्त्याचं) एक पान तळहातावर आपटून टाकतो. ग्रेटर दॅनसोबत ते फार जमतं, हपूसासोबत नको.

माझं प्रमाण असं. ४५ मिली जिन, १३५ मिली टॉनिक, म्हणजे एकास तीन. हपूसाला एकास दोन. आधी बर्फ, ग्लास काठोकाठ भरेल एवढा, कमी बर्फाने पाणी जास्तच होतं. मग जिन, चमच्याने दोन-तीन फेऱ्या. मग ग्लास तिरपा करून कडेने टॉनिक, सावकाश. शेवटी लांब चमचा तळाशी घालून बर्फ एकदाच वर उचलायचा. एवढ्याने सगळं मिसळतं, खळखळून ढवळलं की गॅस गेला. पेग मेजर लागतंच. नजरेने ओतणाऱ्याचा पहिला ग्लास पाणी असतो आणि तिसरा कडक.

घरी प्यायचं असलं तरी आपल्या राज्यात परवाना लागतो आणि हार्ड लिकरसाठी वय २५ पूर्ण हवं, हे नव्याने सुरू करणाऱ्यांना बरेचदा माहीत नसतं. आणि वर्ध्याला पाहुणे म्हणून जाताना भेट म्हणून बाटली घेऊन जाऊ नका. तिथे १९७५ पासून दारूबंदी आहे. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी मी तोच बर्फ, तेच टॉनिक आणि संत्र्याची साल देतो, जिन नाही. वहिनी तेच मागते आणि पाहुण्यांपैकीही बरेच जण आता तेच घेतात.

चकण्याला खारे शेंगदाणे, भाजलेला पापड, हिवाळ्यात गरम सांबारवडी (आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर). तळलेल्या खमंग पदार्थांनंतर टॉनिकचा कडूपणा तोंड स्वच्छ करतो. सावजी रस्स्यासोबत मात्र मी जिन-टॉनिक ठेवत नाही. त्या काळ्या मसाल्यापुढे ज्युनिपर, संत्र्याची साल, क्विनाइन सगळंच पुसलं जातं आणि गॅसमुळे तिखट आणखी चढतं. मटणाचा बेत असला की ग्लास तासभर आधी संपवतो, आणि ताटाशेजारी साधं पाणी.