हायजिनिस्टचा परवाना कुणाच्या हाती?

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत डेंटल हायजिनिस्टना, म्हणजे दातांची सफाई करणाऱ्या प्रशिक्षित व्यावसायिकांना, परवाना देतं ते राज्याचं दंत मंडळ, आणि त्यात वरचष्मा दंतवैद्यांचा. दोन्ही पेशांचं काम एकाच कार्यालयात उरकतं, खर्चही वाचतो. पण हायजिनिस्टने देखरेखीशिवाय काम करावं का, हे तिला नोकरीवर ठेवणाऱ्या दंतवैद्यांनीच ठरवायचं, हे मला मुळीच पटत नाही.

कॅलिफोर्नियात २०१९पासून हायजिनिस्टचं स्वतंत्र मंडळ आहे, कॅनडातल्या ओंटारिओत तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. परवाना, तक्रारींची चौकशी, शिस्तभंगाची कारवाई, सगळं तिथेच. ओंटारिओत २००७पासून पात्र हायजिनिस्ट दंतवैद्याच्या आदेशाविना दातांवरचं कीटण खरवडू शकते. वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या आजींपर्यंत ती थेट पोहोचू शकते. मंडळाचा खर्च मात्र एकाच पेशाच्या फीमधून निघतो. तरी माझा कौल स्वतंत्र मंडळालाच.