भुताचं पोस्टर छापायला गेलो अन् भूतच गायब

कॉलेजच्या हॉरर शॉर्टफिल्मसाठी औरंगपुऱ्यातल्या एका प्रिंटिंगवाल्याकडून वीस ए३ पोस्टर आणि एक सहा बाय चारचा फ्लेक्स करून घेतला. पहिलं प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेली प्रत, बघून डोकंच फिरलं, वाड्याच्या दारातली बाई दिसायलीच नव्हती, नुसता काळा कागद! अर्धी चूक आमचीच म्हणा, फाईल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत दिलती, मोबाईलला मागून लाईट असते म्हणून अंधारातलं पण दिसतं, कागदावर शाई बसली की गडद शेड एकमेकांत मिसळतात. पण छापायच्या आधी सांगायला काय जात होतं?

काउंटरवरचे काका मात्र लई भले, म्हणले "पोरी, भूत जरा उजेडात आण", अन् समोर बसवून फाईल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांत केली, बाईचा चेहरा उजळला, दुसऱ्या प्रूफचे पैसे पण नाही घेतले. कागद मॅटच घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाईट चमकते अन् काळ्यावर बोटांचे ठसे उठतात.

फ्लेक्सवर फॉन्ट बदलताना 'प्रवेश'चं 'परवेश' झालं, त्यावर स्टिकर चिकटवलं. पाचला देतो म्हणले, दिलं साडेनऊला, तोवर तीन चहा झाले. पाचपैकी साडेतीन स्टार.