एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर, लिनक्स मिंटवर वापरून (साडेतीन स्टार)

आधीच सांगतो, वस्तू वाईट नाही, पिक्चर येतं, रंग ठीक आहेत, पण लिनक्सवाल्यांनी घ्यायच्या आधी हे वाचा कारण डब्यावर यातलं काहीच लिहिलेलं नाही. डब्यावर तसं कंपनीचं नावही नाही म्हणा, नुसतं फुल एचडी १०८०पी. लॅमिंग्टन रोडला असे ढिगाने मिळतात, मला अडीचशेच्या आसपास पडला.

सेटअप असा: नवीन मिनी पीसी, त्याला मॉनिटरसाठी फक्त एचडीएमआय (नवं डिजिटल पोर्ट), ग्राफिक्स इंटेलचं, वर लिनक्स मिंट, सिनॅमन डेस्कटॉपवालं. मॉनिटर जुना १९ इंची, १४४० बाय ९०० चा, मागे फक्त व्हीजीए (जुनं अ‍ॅनालॉग पोर्ट). धडधाकट चालतोय तर भंगारात कशाला द्यायचा.

लावल्या लावल्या पिक्चर आलं पण १०२४ बाय ७६८, सगळं आडवं ताणलेलं, फोटोतली माणसं एकदम खात्यापित्या घरची दिसायला लागली. डिस्प्ले सेटिंगमध्ये त्याच्या वरचा पर्यायच नाही. आता कुणालाही विचारा, ड्रायव्हर टाक, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदल, ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) नोमोडसेट टाक, आणि शेवटी ठरलेलं, विंडोज टाक ना बाबा! यातलं नोमोडसेट तर इथे अजिबात नको, त्याने कर्नलचं मोडसेटिंगच, म्हणजे स्क्रीनचं रिझोल्यूशन ठरवणं, बंद पडतं, इंटेलचा ड्रायव्हर नीट लोड होत नाही आणि मग रिझोल्यूशन बदलायचा चान्सही जातो.

खरी गोष्ट अशी की प्रत्येक मॉनिटरमध्ये त्याची माहिती असलेला एक छोटा डेटा असतो, त्याला ईडीआयडी म्हणतात, मूळ ब्लॉक १२८ बाइटचा. मी अमुक कंपनीचा, मला अमुक रिझोल्यूशन चालतं, हे त्यात असतं. व्हीजीएमध्ये तो १२ आणि १५ नंबरच्या पिनवरून येतो आणि कन्व्हर्टरने तो पुढे पीसीला द्यायचा असतो. नाही दिला तर लिनक्स रिस्क घेत नाही, १०२४ बाय ७६८ आणि त्याखालचेच मोड दाखवतं. बघायचं सोपं आहे, सिस फोल्डरमध्ये क्लास, त्यात डीआरएम, तिथे प्रत्येक पोर्टचं एक फोल्डर आणि त्यात ईडीआयडी नावाची फाइल. टर्मिनलमध्ये ती कॅट कमांडने वाचून डब्ल्यूसी मायनस सी या मोजणाऱ्या कमांडला पाइप केली की किती बाइट आहेत ते कळतं. १२८ किंवा २५६ आले तर माहिती पोचतेय, शून्य आलं तर मधेच कुठेतरी अडकलीय. माझ्याकडे शून्य.

पण लगेच कन्व्हर्टरला शिव्या घालू नका, आधी व्हीजीए केबल बघा. काही स्वस्त केबलमध्ये पिना गाळलेल्या असतात. ९ नंबरची पिन नसली तर ते कॉमन आहे, पण १२ किंवा १५ नसेल तर केबल बदला. माझी केबल जुन्या लॅपटॉपच्या व्हीजीए पोर्टला लावली तर १४४० बाय ९०० सरळ आलं, म्हणजे दोष कन्व्हर्टरचाच.

यावर इलाज आहे. टर्मिनलमध्ये सीव्हीटी १४४० ९०० ६० दिलं की मोडलाइन (त्या रिझोल्यूशनच्या आकड्यांची ओळ) मिळते, ती एक्सरँडआर या डिस्प्ले बदलायच्या कमांडच्या न्यूमोडला द्यायची, मग अ‍ॅडमोड, मग आउटपुटला तो मोड लावायचा. १३६६ बाय ७६८ वाला मॉनिटर असेल तर सीव्हीटी तुम्हाला १३६८ देईल, घाबरू नका, ते आठच्या पटीत करतं. मोड बदलल्यावर मॉनिटरचं ऑटो बटण दाबा, अ‍ॅनालॉग आहे शेवटी, पिक्चर बाजूला सरकतं. रीस्टार्ट केलं की हे सगळं पुसलं जातं. स्टार्टअपमध्ये टाकता येतं पण लॉगिन स्क्रीन ताणलेलीच राहते, म्हणून मी ग्रबच्या कर्नल लाइनमध्ये व्हिडिओ हा पॅरामीटर दिला आणि अपडेट-ग्रब चालवलं. इथे एक गंमत आहे, एक्सरँडआर ज्या पोर्टला एचडीएमआय-१ म्हणतं त्याला कर्नल एचडीएमआय-ए-१ म्हणतो, ग्रबमध्ये कर्नलचंच नाव लागतं. आणि वेलँडवर (लिनक्सची स्क्रीन दाखवायची नवी पद्धत) असाल तर एक्सरँडआरने मोड बदलतच नाही, तिकडे ग्रबचा रस्ता.

काही कन्व्हर्टर उलटा उद्योग करतात, स्वतःचाच १०८०पी वाला ईडीआयडी सांगतात, मग पीसी खुशाल १०८०पी पाठवतो आणि जुना मॉनिटर आउट ऑफ रेंज लिहून काळा पडतो. तेव्हा फाइलमध्ये बाइट दिसतील, पण माहिती भलत्याचीच.

पॉवर हा एचडीएमआयच्या ५ व्होल्टवरच घेतो, तासाभराने चांगलाच गरम होतो पण पिक्चर गेलं नाही अजून. तुमच्याकडे मधेच स्क्रीन काळी होत असेल तर मायक्रो यूएसबीचं वेगळं पॉवर पोर्ट असलेला घ्या, थोडेच पैसे जास्त. हेडफोनचं भोक असलेला घेतलात आणि पीसीचे स्पीकर अचानक गप्प झाले तर साउंड सेटिंगमध्ये आउटपुट एचडीएमआयवर गेलंय का बघा, नव्वद टक्के तेच असतं.

दीड स्टार कापला तो ईडीआयडीसाठी. घेताना शक्य असेल तर मिनी पीसी आणि मॉनिटर दुकानातच लावून बघा, नाहीतर ऑनलाइन रिटर्न असलेलाच मागवा. आणि हो, हा फक्त एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जातो, जुन्या पीसीचं व्हीजीए नव्या टीव्हीला लावायला घेऊ नका, त्याचा कन्व्हर्टर वेगळा येतो.