‘बोजॅक हॉर्समन’: हसता हसता घशात अडकणारी मालिका

२०१४ ते २०२० या काळात नेटफ्लिक्सवर सहा पर्वांत आलेली ही अ‍ॅनिमेटेड मालिका, नव्वदच्या दशकातल्या कौटुंबिक विनोदी मालिकेमुळे गाजलेल्या आणि आता दारूत व आत्मतिरस्कारात बुडालेल्या बोजॅक नावाच्या एका घोड्याची गोष्ट सांगताना हॉलीवूडची निर्दय टिंगल करते. सुरुवातीचे भाग सामान्य आहेत. तिथे मालिका सोडू नये. पाचव्या पर्वातला एक भाग म्हणजे जवळजवळ पूर्णपणे आईच्या अंत्यविधीतले बोजॅकचे भाषण आहे, आणि तरीही तो कुठे रेंगाळत नाही. अशा माणसाला (घोडा असला तरी माणूसच तो) माफ करावे का, हा प्रेक्षकांचा नेहमीचा प्रश्न मालिका जाणीवपूर्वक अनुत्तरित ठेवते. शेवटच्या प्रसंगात तो आणि त्याचे आत्मचरित्र लिहिणारी त्याची मैत्रीण डायान छपरावर बसून बोलतात आणि मग नुसतेच गप्प राहतात.