जुना स्विमिंग पूल दुरुस्त करायचा की नवीन बांधायचा, आणि पैसे आणायचे कुठून?

बेळगाव शहर धरा नाहीतर निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठंही संस्थेचा किंवा ट्रस्टचा पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा पूल असला की हा विषय कधी ना कधी कमिटीपुढे येतोच. टाइल्स निघालेल्या, पाइप गंजलेले, पाणी रोज खाली जातंय आणि मीटिंगमध्ये सरळ दोन पार्ट्या, एक म्हणते पाडा आणि नवीन बांधा, दुसरी म्हणते यंदा सिमेंट मारून ढकलूया. माझं मत आधीच सांगतो. टाकीचं काँक्रीट धड असेल तर टाकी तीच ठेवा आणि आतलं सगळं नवीन करा. बांधायला पैसे देणारा कुणीतरी भेटतो, पण महिन्याचं हेस्कॉमचं लाइटबिल भरणारा कुणी भेटत नाही, आणि पूल बंद पडतात ते बहुतेक त्यामुळंच.

काँट्रॅक्टरला बोलवायच्या आधी गळती मोजा. बादली पाण्यानं भरून पूलच्या पायरीवर ठेवायची, बादलीच्या आतली पाणीपातळी आणि बाहेरची पूलची पातळी दोन्हीवर खूण करायची, मोटर बंद, 24 तास कुणी उतरायचं नाही. ऊन-वाऱ्यानं जे उडतं ते दोन्हीकडं सारखंच उडतं, पूलचं पाणी जास्त उतरलं तर तेवढा फरक म्हणजे गळती. मग हेच मोटर चालू ठेवून परत करा, तेव्हा जास्त उतरलं तर दोष बहुतेक पाइपलाइनमध्ये आहे, टाकीत नाही, आणि खर्चाचा आकडाच बदलतो की. 25 बाय साडेबारा मीटरच्या पूलला एक सेंटिमीटर म्हणजे 3,000 लिटरच्या वर पाणी, आणि एवढी गळती रोज असेल तर तीन दिवसांनी 10,000 लिटरचा एक टँकर जमिनीत गेला म्हणा. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी कधी येतंय बघत बसणाऱ्या गावात हे परवडत नाही आणि शोभतही नाही.

आता पर्याय. नुसती डागडुजी, म्हणजे तडे भरणं, निघालेल्या टाइल्स बसवणं, एखादा व्हॉल्व्ह बदलणं, हे लोकवर्गणीत भागतं. पण पाइप गंजलेले असतील तर दोन सीझनमध्ये परत तिथंच, आणि एकदा वर्गणी दिलेला माणूस दुसऱ्यांदा खिशात हात घालायला कुरकुरतो. दुसरा पर्याय मी म्हणतो तो, टाकी जुनीच पण वॉटरप्रूफिंग, टाइल्स, पाइपलाइन, सँड फिल्टर, पंप सगळं नवीन. ह्यात खोल बाजू भरून उथळ करता येते, पाणी कमी लागतं आणि शिकणाऱ्या पोरांना बरं पडतं (डायव्हिंग करणारे नाराज होतील, त्यांना समजावून सांगा). तिसरा पर्याय पाडून नवीन, आणि तो तेव्हाच घ्या जेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअर लेखी देतो की सळ्या गेल्यात किंवा तळ खचलाय. काळ्या मातीत बांधलेली टाकी असेल तर ही तपासणी टाळू नका, ती माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि काँक्रीटला तडे पाडते.

नवीन म्हटलं की कुणीतरी लगेच 50 मीटरचा करूया म्हणतं. 25 मीटरच्या पूलमध्ये सरासरी दीड मीटर खोलीला पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी बसतं, 50 बाय 25 ला दोन मीटर खोली धरली तर 25 लाख लिटर. पाणी पाचपट म्हटल्यावर फिल्टर, पंप, क्लोरीन सगळं वाढलं, जीवरक्षकही जास्त लागले. लहान पूलला सुद्धा साडेसात एचपीची मोटर दिवसाला 10 तास चालली तर महिन्याला 1,700 युनिटच्या घरात जातं.

पैशाचं म्हणाल तर आमदार-खासदार फंडाकडं सगळे आधी बघतात. कर्नाटकात आमदाराला वर्षाला 2 कोटी, खासदाराला 5 कोटी, आणि त्यात अख्ख्या मतदारसंघाचे रस्ते, गटारी, समुदाय भवन, शाळेच्या खोल्या. पैसे तुमच्या खात्यावर येत नाहीत, काम सरकारी एजन्सीमार्फत होतं, अर्ज आणि पाठपुरावा कन्नडमध्ये करायची तयारी ठेवा, आणि रोजच्या चालवण्याच्या खर्चाला त्यातून काही मिळत नाही. स्मार्ट सिटीची आशा धरून बसलेले अजून भेटतात, पण 2016 च्या पहिल्या यादीत बेळगाव होतं ते होतं, ते मिशन मार्च 2025 ला संपलं.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा पैसा, मला जास्त जवळचा रस्ता वाटतो. ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्चावेच लागतात, त्यात खेळाचं प्रशिक्षण बसतं आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं, आपल्याकडं फौंड्री, अॅल्युमिनियम, साखर सगळं आहे. पण ट्रस्टकडं 12 ए (आयकर खात्याची नोंदणी), 80 जी (देणगीदाराला करात सूट मिळते ती मान्यता) आणि सीएसआर-1 नंबर (सीएसआरचा पैसा घ्यायची सरकारी नोंदणी) नसेल तर पुढं बोलणंच होत नाही, म्हणून कागद आधी, भेट नंतर. आणि "पूल बांधायला मदत करा" असं मोघम मागू नका, "फिल्टर प्लांट तुमचा, ह्या शाळांची एवढी पोरं वर्षभर शिकणार" असं मागा.

सौहार्द सहकारी किंवा पतसंस्थेचं कर्ज लवकर मिळतं खरं. पण समजा 20 लाख, 12 टक्के, 7 वर्षं, तर हप्ता 35,300 च्या आसपास, आणि तो जुलैच्या धो धो पावसातही भरायचा, डिसेंबरच्या थंडीतही, जेव्हा पूलवर चार माणसं नसतात. आपली कमाई मार्च ते मे, समर कॅम्पची. म्हणून कर्ज घ्याच म्हणत नाही, घेतलंत तर तीन महिन्यांच्या फीमधून वर्षाचे हप्ते निघतात का ते आधी कागदावर मांडा.

लोकवर्गणीला आपल्याकडं तोटा नाही, गल्लीतले पंच पावतीपुस्तक घेऊन निघाले की पैसे जमतात. फक्त 2,000 च्या वरची देणगी चेकनं किंवा ऑनलाइन घ्या, रोख घेतली तर देणाऱ्याला 80 जी ची सूट मिळत नाही, आणि नवीन टॅक्स रिजीमवाल्याला तर तशीही मिळत नाही, त्याला सूट मिळेल असं सांगून पैसे घेऊ नका.

कोटेशन बघताना 18 टक्के जीएसटी धरलाय का विचारा, 40 लाखांच्या कामावर तो 7 लाख 20 हजार होतो आणि शेवटी तिथंच काम अडतं.

ही सगळी खटपट कशाला, तर पूर्वी पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत शिकायची, काका-मामा काठावर उभे असायचे. आता विहिरी बुजल्या नाहीतर जाळी टाकून झाकल्या, आणि न शिकलेली पोरं सुट्टीत मलप्रभा-घटप्रभेत, खाणीच्या डबक्यात उतरतात. त्यामुळं दोन-तीन वर्षं पूल बंद ठेवून मोठ्या फंडाची वाट बघणं मला पटत नाही.

काम ठरलं तर ते दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवायची नाही, जमिनीतलं पाणी वर चढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि मग दुरुस्तीचा प्रश्नच राहत नाही, पाडावीच लागते.