साडेसदतीस मिनिटं की तीन? टीएमएस घेण्याआधी

दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही नैराश्य हटलं नाही, डॉक्टरांनी टीएमएस (कपाळापाशी यंत्र धरून चुंबकीय ठोक्यांनी मेंदूला चालना देण्याचा उपचार) सुचवलं आणि आता १० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला दहा ठोक्यांची, जुनी पद्धत घ्यावी की थीटा बर्स्ट ही झटपट ठोक्यांची नवी, इथे घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही घेतल्या. आधी १० हर्ट्झ, आणि दीड वर्षाने आजार उलटला तेव्हा थीटा बर्स्ट.

खाणंपिणं सुटलं असेल किंवा जीव द्यायचे विचार येत असतील तर ही तुलना बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टर गाठा. तिथे ईसीटीचा (भूल देऊन विजेचे झटके देण्याच्या उपचाराचा) गुण लवकर येतो.

माझा पहिला प्रश्न होता, मेंदूतल्या तारा कशाने जास्त सुधारतात? तारा म्हणजे श्वेतद्रव्य, मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे, मायेलिनचं वेष्टण असलेले तंतू. एका खास एमआरआयमध्ये त्या तंतूंच्या कडेने पाण्याचे रेणू किती एका दिशेने सरकतात ते मोजतात. चीनमधल्या २०१२च्या एका छोट्या अभ्यासात औषधांना दाद न देणाऱ्या तरुण रुग्णांमध्ये डाव्या कपाळामागच्या भागात हे माप कमी होतं आणि चार आठवड्यांच्या टीएमएसनंतर ते वाढलं. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र असा बदल दिसला नाही. तो पहिला अभ्यास वाचून मला उभारी आली, हे खरं. पण या मापावर दोन पद्धतींतली एक निवडावी, इतकं ते पक्कं नाही.

गुणाच्या बाबतीतही दोन्ही जवळपास सारख्याच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात ४१४ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा दोन्हीकडे साधारण निम्म्या लोकांना चांगला फरक पडला.

माझा निर्णय झाला तो २६ सेकंदांमुळे. १० हर्ट्झमध्ये चार सेकंद टकटक, मग २६ सेकंद शांतता, असं ७५ वेळा, म्हणजे साडेसदतीस मिनिटं. कानात बोळे, डोकं हलवायचं नाही. टकटक चालू असताना डावी भुवई उडते, दातावर दात आपटतात. ते मी सोसलं. शांतता सोसवेना. बऱ्या माणसाला २६ सेकंद म्हणजे काहीच नाही, पण नैराश्यात तेवढ्यात मन ‘माझ्यापायी घरच्यांचे किती पैसे गेले’ इथून निघून कुठच्या कुठे पोचतं. मग टकटक, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी छतावरच्या एसीच्या जाळीच्या पट्ट्या मोजायचो. एकोणीस होत्या. शेवटच्या आठवड्यात, बरं वाटत असूनही, दोन सेशन्स मी बुडवली.

थीटा बर्स्टमध्ये दोन सेकंद ठोके, आठ सेकंद विश्रांती, तीन मिनिटांत ६०० ठोके. विचारांना पाय रोवायला जागाच मिळत नाही. टोचतं मात्र जास्त, निदान मला तरी पहिला आठवडा कपाळावर सुतारपक्षी बसल्यासारखं वाटलं. कॅनडातल्या रुग्णांनीही थीटा बर्स्टमध्ये दुखणं थोडं जास्तच सांगितलं होतं. डोकेदुखीचा त्रास असेल किंवा एका जागी शांत पडून राहणं जमत असेल, तर १० हर्ट्झही वाईट नाही. कदाचित तुम्हाला तीच सोसेल.

माझ्यापुरतं सांगायचं तर, दुसऱ्या खेपेला ही खाली गाडी लावून वर येईपर्यंत माझं आटोपलेलं असायचं. तीसपैकी एकही सेशन चुकलं नाही.