'शुगर आहे का, ताई?'

मी लेखा विभागात काम करते, एकोणीस वर्षं झाली. लोकांची बिलं तपासायची, सही-शिक्का नसेल तर परत पाठवायची, याचाच मला पगार मिळतो. आणि मीच एका माणसाला ५०,८५० रुपये दिले, एक चिटोरं पावतीचं न घेता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "एवढी शिकलेली बाई आणि..." असं म्हणायची तसदी कुणाला नको. ते मी रोज स्वतःला म्हणतेच.

स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, मग केमो. आधी लाल सलाईनच्या (केमोचं लाल रंगाचं औषध) चार सायकल, म्हणजे फेऱ्या, दर एकवीस दिवसांनी, आणि नंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध, बारा वेळा. ज्यांनी लाल सलाईन घेतलंय त्यांना पुढचं सांगायला नको. दुसऱ्या सायकलनंतर पाच दिवस पोटात पाणी टिकलं नाही. तोंडात असे फोड की थुंकी गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. केस तर पहिल्या सायकलनंतर अठराव्या दिवशीच गेले होते, त्याचं मला फारसं वाटलंही नाही. उलट्यांनी मात्र मी मोडले.

इथे माझी एक चूक कबूल करायला हवी. डॉक्टरांनी रात्री घ्यायला एक बारीक गोळी दिली होती, ओलान्झापिन. पाकिटातला कागद वाचला तर त्यात मानसिक आजारांची नावं. मला काय वेड लागलंय का, म्हणून मी ती गोळी कपाटात टाकली आणि डॉक्टरांना सांगितलंही नाही. केमोच्या उलट्यांवर ही गोळी सर्रास देतात हे मला तीन महिन्यांनी कळलं. एक फोन केला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. तुमच्या पाकिटातल्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, गोळी बंद करण्याआधी विचारा.

त्या पुड्या विकणाऱ्या माणसाचा नंबर माझ्या जाऊबाईंनी दिला. त्यांना दोष देत नाही (देते, पण मनातल्या मनात). 'केमोचा त्रास शून्य' अशी जाहिरात, त्याखाली पाच-सहा बायकांचे व्हिडिओ, डोक्याला रुमाल, चेहरा टवटवीत. असे धंदे कसे चालतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण रात्री दोन वाजता बादलीशेजारी बसलेल्या बाईला माहीत असण्याचा काही उपयोग नसतो.

फोनवर त्याने माझं चाळीस मिनिटं ऐकून घेतलं. ओपीडीत मला चार मिनिटं मिळतात. त्यात डॉक्टरांची चूक नाही, बाहेर माझ्यासारख्या कितीतरी जणी ताटकळत बसलेल्या असतात. पण चाळीस मिनिटं आपलं कुणी ऐकून घेतं तेव्हा माणूस विरघळतो. तो दर वाक्याला 'ताई' म्हणत होता.

आणि आता तो क्षण. मी तो इतक्या वेळा उगाळलाय की त्याचा आवाज मला पाठ आहे.

त्याने मला कुठलं औषध चालू आहे ते विचारलं नाही, किती सायकल झाल्या ते विचारलं नाही, एकही रिपोर्ट मागितला नाही. विचारलं एवढंच, "शुगर आहे का, ताई?" मी नाही म्हणाले. "मग काही हरकत नाही." आणि शेवटी बजावलं, "एक लक्षात ठेवा, एकदम बंद करायचं नाही. बंद करायची वेळ आली की मला फोन करा, आपण हळूहळू उतरवू."

फोन ठेवल्यावर मी ह्यांना म्हटलं, बघा, किती जबाबदार माणूस आहे, आधी शुगर विचारली.

ज्यांना कळायचं त्यांना एव्हाना कळलं असेल. शुगर वाढवतं काय आणि एकदम बंद करता येत नाही ते काय? स्टेरॉइड. त्या माणसाला आपल्या पुडीत काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. त्याने मला त्याच फोनवर सांगूनच टाकलं होतं, फक्त मला ते काळजी वाटलं. 'डॉक्टरांना बोलू नका, त्यांना आयुर्वेद पटत नाही' हे वाक्यही त्याने टाकलंच, ते सगळेच टाकतात. ते मी ओळखलं होतं आणि तरीही पाळलं.

आता हिशेब. नोंदणी १,५०० रुपये. चाळीस दिवसांचा पहिला कोर्स, रोज दोन पुड्या, १८,६००. दुसरा कोर्स पुन्हा १८,६००. मध्ये 'काउंट' (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा) वाढवणारी वेगळी पुडी, ११,४००. कुरिअर तीन वेळा, २५० प्रमाणे ७५०. एकूण ५०,८५०. पैसे दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यात गेले. एखाद्या पुरवठादाराने मला ऑफिसात तीन नावांची तीन खाती दिली असती तर मी फाईल फेकून दिली असती.

पुड्यांवर छापलेलं काही म्हणजे काहीच नव्हतं. आयुर्वेदिक औषधावरसुद्धा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि घटक लागतात. खाद्यपदार्थ म्हणून विकायचं तर चौदा आकडी परवाना क्रमांक लागतो. इथे पांढऱ्या प्लॅस्टिकवर पेनाने 'सकाळ' आणि 'रात्र'.

तुम्ही म्हणाल, मग घेत कशी राहिलीस? कारण गुण येत होता! हेच कुणाला समजावता येत नाही. चौथ्या दिवशी मला भूक लागली. अंगात शक्ती आली, रात्री झोप लागेना तरी थकवा नाही. दुसऱ्या सायकलनंतर पांढऱ्या पेशी १,९०० वर आल्या म्हणून तिसरी सायकल आठवडाभर पुढे ढकलली होती, तेव्हा त्याने ती काउंटची पुडी गळ्यात मारली. आठवड्याने तपासलं तर ६,२००. मी त्याला फोन करून आभार मानले. रडत आभार मानले.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. एक तर आठवडाभर थांबलं की काउंट बहुतेक वेळा आपोआपच वर येतो, म्हणूनच तर सायकल पुढे ढकलतात. आणि दुसरं, स्टेरॉइडने रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेल्या पांढऱ्या पेशी सुटून रक्तात येतात, त्यामुळे कागदावरचा आकडा फुगतो. नव्या पेशी तयार झालेल्या नसतात. म्हणजे खात्यातली शिल्लक तीच, फक्त एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नेऊन दाखवली. हे मला कळायला हवं होतं, माझं तर कामच ते.

चौथ्या सायकलनंतर माझ्या दाढेखाली पू झाला. गाल सुजला, ताप मात्र नाही, ९९ च्या वर गेलाच नाही. केमोत १००.४ च्या वर ताप गेला की रात्र असो दिवस असो, सरळ हॉस्पिटल गाठायचं, हे नर्सने पहिल्याच दिवशी घोकून घेतलेलं असतं. मी त्या आकड्याची वाट बघत बसले. स्टेरॉइड ताप दाबून ठेवतं. दंतवैद्याने वेळेत हात लावला म्हणून हे लिहायला शिल्लक आहे.

पकडली गेले ती पॅक्लिटॅक्सेलच्या चौथ्या आठवड्यात. चेहरा चंद्रासारखा गोल, उपाशीपोटी साखर २६८. "दुसरं काही घेताय का?" हे डॉक्टरांनी आधी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी त्यांच्या डोळ्यांत बघून नाही म्हणाले होते. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "पॅक्लिटॅक्सेलआधी आम्ही देतो तेवढ्या स्टेरॉइडने चेहरा असा होत नाही." मग मी पर्समधून पुडी काढली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तर जवळजवळ नाहीच, शरीराने स्वतःचं बनवणं सोडून दिलेलं. पुडी एका झटक्यात बंद केली असती तर मी कोसळले असते म्हणे. म्हणून मोजून-मापून गोळ्या देऊन हळूहळू उतरवलं, साखरेला इन्सुलिन, आणि केमो दोन आठवडे पुढे. घेत असाल तर उद्याच सांगा, पण घाबरून स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या भामट्याची तेवढी एकच गोष्ट खरी होती.

चार पुड्या खासगी प्रयोगशाळेत दिल्या, ६,५०० रुपये. डेक्सामेथासोन सापडलं, म्हणजे स्टेरॉइडच. अहवालाच्या खाली बारीक अक्षरात, 'न्यायालयीन कामासाठी ग्राह्य नाही.'

हा अहवाल घेऊन मी पोलिसांत गेले. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" मी म्हटलं, मालात विष आहे. "मग ते औषधांच्या खात्याचं." औषधांच्या खात्यात तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. पाकीट उलटसुलट करून म्हणाले, यावर औषध असं कुठे लिहिलंय, हे पूरक आहार म्हणून विकतात, तुम्ही अन्नवाल्यांकडे जा. अन्नवाले म्हणाले, परवाना क्रमांकच नाही तर कारवाई कुणावर करायची, बनवणारा शोधणं पोलिसांचं काम. म्हणजे परवाना असता तर परवानाधारकावर कारवाई झाली असती, परवानाच नाही म्हणून तो मोकळा! शिवाय नमुना सीलबंद हवा आणि सोबत बिल हवं. बिल. मला बिल विचारलं.

मी कायदा वाचून गेले होते. १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा, त्याच्या यादीत कॅन्सर आहे, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. साहेबांनी जाहिरात पाहिली आणि चक्क हसले. "मॅडम, 'कॅन्सर बरा करतो' असं कुठे म्हटलंय? 'केमोचा त्रास' म्हटलंय." डोक्याला रुमाल बांधून, बधिर बोटांनी कागद सांभाळत मी त्या जिन्यांवरून सात खेपा घातल्या. पॅक्लिटॅक्सेलने तळपाय असे सुन्न होतात की पायरी संपली का आहे ते खाली बघून ठरवावं लागतं. सातव्या खेपेला शिपायाने खुर्ची दिली, ही या सगळ्या यंत्रणेकडून झालेली एकमेव मदत.

आणि हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मध्यंतरी फोन आला, 'तुमची तक्रार नोंदली आहे, परतावा मंजूर झालाय, प्रक्रिया शुल्क २,९९९ भरा.' मी भरले. हो, भरले. माझा नंबर, रक्कम, सगळं त्यांना माहीत होतं, म्हणजे तोच किंवा त्याचाच कुणीतरी. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तो चार दिवसांनी, लाजेपायी, तोवर पैसे पुढे सरकलेले. पैसे गेले की पहिल्या तासात फोन करा, लाज नंतर वाटून घ्या. ५३,८४९ झाले, प्रयोगशाळेचे वेगळे.

तोंडाच्या फोडांना शेवटी कशाने आराम पडला? कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच गुळण्या, मऊ ब्रश. खर्च विचारू नका. उलट्यांना? कपाटातली तीच बारीक गोळी, तिचा खर्च तर आधीच झाला होता. आता शेवटच्या आठवड्यांत ती परत मिळाली.

जाऊबाईंशी बोलणं बंद आहे. त्यांच्या आईला गुडघ्यांसाठी हाच माणूस पुड्या पाठवतो आणि आईंना खूप बरं वाटतंय, असं काल दिरांनी सांगितलं. आईंना शुगर आहे. मी फोन केला, त्यांनी उचलला नाही, आता उद्या सकाळी अहवालाची झेरॉक्स घेऊन घरीच जाणार आहे.